घरच्या टाकीतला पफरफिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पफर मी आणला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, "गोड्या पाण्यात आरामात राहतो." हिरवट पाठीवर काळे ठिपके, पांढरंशुभ्र पोट आणि माझ्या मागे मागे फिरणारे डोळे. आठ महिने तो राहिलाही. मग पोट राखाडी पडत गेलं, खाणं कमी झालं आणि एका सकाळी तो तळाशी आडवा दिसला. तो निमखाऱ्या पाण्याचा मासा होता हे मला त्यानंतर कळलं. खालचे बरेचसे प्रश्न मला तेव्हाच पडायला हवे होते. आता तेच प्रश्न इतर जण मला विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

टाकीवर नुसतं 'पफर' लिहिलेलं असतं. नेमकी जात ओळखणं इतकं गरजेचं आहे का?

हो. पाणी गोडं की खारं, टाकी केवढी, खाणं काय, सोबत कोणी चालेल का, हे सगळं जातीवर ठरतं. कोळी ज्याला केंड म्हणतात त्या या माशांच्या कुळात दीडशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक समुद्रात राहतात, काही खाडीच्या मुखाशी आणि थोड्या पूर्णपणे नदीत. मोठेपणी एखादी जात अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान राहते, तर एखादी हाताएवढी लांब होते. पिल्लं मात्र सगळ्यांचीच गोल, गोजिरी आणि दोन-चार सेंटिमीटरची असतात. फसगत तिथेच होते.

नेहमी दिसणाऱ्या जाती अशा ओळखता येतील:

पी पफर (कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हँकोरिकस) पिवळसर अंगाचा असतो, त्यावर गडद डाग असतात आणि मोठेपणीही तो अडीच ते तीन सेंटिमीटरच राहतो. हा पूर्णपणे गोड्या पाण्याचा.

फिगर एट पफरच्या तपकिरी पाठीवर पिवळ्या नागमोडी रेषा असतात, त्यांतून इंग्रजी आठाचा आकार दिसतो. शेपटीजवळ डोळ्यासारखी गोल खूण असते. आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. याला हलकं निमखारं पाणी लागतं.

हिरवा ठिपकेदार पफर (डायकोटोमिक्टेरे निग्रोव्हिरिडिस), म्हणजे माझा तो पहिला, पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो. लहानपणी त्याला कमी मीठ चालतं, वाढत्या वयाबरोबर जास्त लागतं.

अ‍ॅमेझॉन पफरच्या सोनेरी-हिरवट पाठीवर काळे आडवे पट्टे असतात. गोड्या पाण्याचा, सतत पोहणारा आणि स्वभावाने पफरांमध्ये सर्वांत शांत.

फहाका हा नाईल आणि आफ्रिकेतल्या इतर नद्यांचा. अंगावर लांबट पिवळ्या रेषा, डोळे लालसर. चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कोणालाच शेजारी सहन करत नाही. काँगो नदीच्या खोऱ्यातला आणि टांगानिका सरोवरातला एमबू पफर तर साठ सेंटिमीटरच्याही पुढे जातो. हे दोघंही गोड्या पाण्याचे.

समुद्री टाक्यांमध्ये कुत्र्यासारख्या तोंडाचे अरोथ्रॉन आणि लहानखुरे कँथिगॅस्टर दिसतात. काटेरी पोर्क्युपाइनफिश यांच्याच शेजारी विकला जातो, पण त्याचं कुळ वेगळं आहे.

ओळख पटत नसेल तर मासा विकत घेऊ नका. फोटो काढा, घरी जाऊन ताडून पाहा, मग ठरवा.

माझा ठिपकेदार पफर गोड्या पाण्यात सहा महिन्यांपासून मजेत आहे. मग मीठ कशाला?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला नेहमी माझा मासा आठवतो. खाडीतल्या माशाचं शरीर बदलत्या क्षारांशी जुळवून घेतं, म्हणून गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही. पण पाणी गोडं असलं की ते सतत त्याच्या शरीरात शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. तोल सांभाळायला मूत्रपिंडांना आणि कल्ल्यांना अहोरात्र राबावं लागतं. वयात येताना हा ताण वाढत जातो. रंग फिका पडतो, बुरशी आणि जिवाणूंचे आजार वारंवार होतात आणि दहा वर्षं जगू शकणारा मासा वर्ष-दोन वर्षांत जातो. सहा महिने तो टिकला याचा अर्थ तो चिवट आहे, एवढाच घ्यावा.

चांगली बातमी ही की अजूनही पाणी बदलता येतं. मीठ हळूहळू वाढवलं की बहुतेक मासे सावरतात, रंग परत येतो. मी पुढे आणलेल्या ठिपकेदार पफरच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

मीठ कोणतं घालायचं? किती?

समुद्री टाकीसाठी मिळणारं सागरी मीठ. स्वयंपाकाचं मीठ किंवा 'अ‍ॅक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळणारं साधं मीठ चालत नाही. त्यात फक्त सोडियम क्लोराइड असतं. सागरी मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं सगळं असतं आणि पाण्याचा सामू (पीएच) स्थिर राहतो.

मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर लागतो, अंदाजाने टाकू नये. फिगर एटसाठी विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.००५ च्या आसपास ठेवा, म्हणजे लिटरला साधारण ८ ग्रॅम मीठ. ठिपकेदार पफर लहान असताना तेवढंच पुरतं, मोठा होईल तसं १.०१५ आणि त्याच्याही वर न्यावं लागतं.

वाढवताना घाई नको. आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त नाही. मासा कदाचित सोसेल, पण फिल्टरमधल्या, माशाची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना नव्या खारटपणाची सवय व्हायला वेळ लागतो. एकदम मीठ ओतलं तर ते मरतात आणि विषारी अमोनिया उसळतो. मीठ वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून, पाणी बदलतानाच घाला.

एक गोष्ट नवख्यांच्या हमखास चुकते. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं तर त्या जागी साधं पाणी घालायचं. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. दर वेळी खारं पाणी घातलंत तर महिन्याभरात खारटपणा वाढत कुठच्या कुठे जातो.

टाकी किती मोठी हवी?

एकट्या पी पफरला २० लिटर पुरतात. सहांचा गट ठेवायचा तर ७५ लिटर किंवा जास्त. एका फिगर एटला ७०, ठिपकेदार पफरला किमान १२०. फहाका ४०० लिटरच्या आत ठेवू नये, आणि टाकी रुंदीला एवढी हवी की त्याला सहज वळता यावं. एमबूला २,००० लिटर लागतात, त्यामुळे बहुतेक घरांत तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'आत्ता लहान आहे, मोठा झाला की बघू' म्हणणाऱ्यांच्या घरी ती मोठी टाकी क्वचितच येते.

टाकी भरली, फिल्टर लावला. मासा कधी आणू?

सहसा चार ते सहा आठवड्यांनी. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरा त्या मानाने सौम्य. हे जिवाणू वाढेपर्यंत टाकीत मासा न ठेवता थोडा अमोनिया घालत राहायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासायचं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. दुसऱ्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

'टाकी सायकल करायला (म्हणजे हे जिवाणू वाढवायला) एक स्वस्त मासा सोडा' हा सल्ला पफरच्या बाबतीत ऐकूच नका. बहुतेक पफरांच्या अंगावर इतर माशांसारखं खवल्यांचं कवच नसतं, पाण्यातला दोष त्यांना थेट बाधतो. निमखाऱ्या आणि समुद्री पाण्याचा सामू जास्त असतो, तिथे तेवढाच अमोनिया अधिक घातक ठरतो.

पाणी किती आणि कधी बदलायचं?

दर आठवड्याला ३० ते ५० टक्के. पफर मांस खातो, खाताना चघळून तुकडे उडवतो आणि त्याची विष्ठाही भरपूर असते. पाणी स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आत ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत घाला, तापमान टाकीतल्या पाण्याइतकंच असू द्या. नेहमीच्या जातींना २४ ते २८ अंश सेल्सियस ठीक. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरायचा नाही.

हीटर आणि वायरी तो चावतो. काय करू?

हीटरला जाळीचं कवच लावा, मोठ्या जातींसाठी हीटर टाकीबाहेरच्या फिल्टरच्या मार्गावर बसवा. हात पाण्यात घालण्याआधी वीज बंद.

पफरला खायला काय द्यावं?

निसर्गात हा मासा गोगलगायी, खेकडे, कोळंबी, शिंपले फोडून खातो. त्याचं तोंड त्याच कामासाठी घडलेलं आहे. वरचे दोन आणि खालचे दोन दात जुळून चोच झालेली असते, कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'चार दातांचा' असाच आहे. ती चोच आयुष्यभर वाढत राहते. म्हणून पफरच्या खाण्याकडून दोन गोष्टी हव्या असतात: अंगाला पोषण आणि दातांना झीज.

लहान जातींसाठी गोगलगायींसारखं दुसरं काही नाही. रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर जातीच्या गोगलगायी पातळ कवचाच्या असतात. एका बरणीत किंवा छोट्या टाकीत पाच-सहा सोडल्या आणि उकडलेला पालक, काकडीची चकती टाकत राहिलात की दोन महिन्यांत पुरून उरतील एवढ्या होतात. मी माझ्या पफरआधी गोगलगायींची टाकी लावतो, अलीकडे सगळ्यांना तेच सांगतो. मलेशियन ट्रम्पेट जातीची लांबट गोगलगाय मात्र देऊ नका. तिचं कवच फार कठीण असतं, लहान पफरचा दात तुटू शकतो. तळ्यातून किंवा नाल्यातून उचललेल्या गोगलगायींबरोबर परजीवी येतात, बागेतल्या गोगलगायींवर कीटकनाशक असू शकतं. घरी वाढवलेल्या सर्वांत सुरक्षित.

पी पफरला गोगलगायींबरोबर गोठवलेल्या लाल अळ्या (ब्लडवर्म), डॅफ्निया आणि आर्टेमिया हे बारीक जलचर, ग्रिंडल वर्म हे बारीक किडे द्या. ब्लडवर्म हाताळताना काहींच्या हाताला खाज येते, डोळे चुरचुरतात. तसं होत असेल तर हातमोजे घाला, ही अ‍ॅलर्जी पुढे वाढत जाते.

मध्यम आणि मोठ्या जातींना कवचासकट कोळंबी, खेकड्याचे पाय, उघडलेले शिंपले, गांडुळं चालतात. इथे एक धोका सहसा कोणी सांगत नाही. काही शिंपल्यांत आणि कोळंबीत थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं. गोठवल्यानेही ते जात नाही. महिनोन्‌महिने तेच आणि तेवढंच दिलं तर माशाची भूक मंदावते, हालचाल विचित्र होते, जबडा आखडतो. म्हणून शिंपले आणि कोळंबी द्या, पण रोज नको. गोगलगायी, गांडुळं, खेकडा यांची आलटून पालटून जोड हवी.

जिवंत मासे खाऊ घालू नका. रोग आणण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्याने दातही झिजत नाहीत.

कोरडे दाणे खातच नाही. उपाशी ठेवून सवय लावू का?

नको. पी पफरला तर अन्न हलताना दिसावं लागतं. गोठवलेलं खाणं ओळखीचं करायचं असेल तर चिमट्यात धरून हळूच हलवा, किंवा जिवंत अळ्यांत थोडं मिसळून द्या. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक शिकतात. काही मोठे पफर पेलेट खातात, पण फक्त पेलेटवर दातांची झीज होत नाही.

दिवसातून किती वेळा?

पी पफरला रोज एक-दोनदा थोडं थोडं. वाढत्या वयाच्या मध्यम जातींना रोज, मोठ्यांना दिवसाआड, पूर्ण वाढलेल्या फहाकाला आठवड्यातून दोन-तीनदा. पोट किंचित गोल दिसलं की थांबा. काचेजवळ येऊन, शेपूट हलवत तो खाणं मागेल. दर वेळी मागेल. पोट भरलेलं असतानाही मागेल. तुम्हाला ओळखतो म्हणून तो येतो, भूक लागली म्हणूनच येतो असं नाही. जास्त खाऊ घालून चरबी साठलेले पफर मी बरेच पाहिले आहेत. उरलेले तुकडे तासाभरात साइफनने (पाणी ओढून घेणाऱ्या नळीने) काढा.

दात वाढलेत हे कसं कळतं?

ओठांबाहेर चोच ठळक दिसू लागते, तोंड पूर्ण मिटत नाही. तो अन्नावर झेप घेतो, चावतो आणि टाकून देतो. किंवा घास ओठाशी धरून ठेवतो, आत घेता येत नाही. पुढे पोट आत जातं. 'तो हल्ली खाण्यात रस घेत नाही' असं वाटत असेल तर आधी तोंडाचा जवळून फोटो काढा. बाजूने काढलेल्या फोटोत पटकन कळतं. नाहीतर पोटात जंत असतील समजून औषधं दिली जातात आणि मासा उपासमारीने जातो.

अ‍ॅमेझॉन पफरमध्ये हा त्रास सर्वांत जास्त. त्याचे दात भराभर वाढतात, रोज गोगलगायी देऊनही काहींचे कापावे लागतात. पी पफरमध्ये क्वचित.

थोडेच वाढले असतील तर महिनाभर कठीण कवचाचं खाणं वाढवून पाहा. कवच फोडताच येत नसेल इतके वाढले असतील तर त्याचा उपयोग नाही.

मग घरी कापता येतील का?

माशांवर उपचार करणारा पशुवैद्य मिळाला तर त्यांच्याकडेच जा, दूर असला तरी. अनुभवी पाळणारे घरी कापतात. टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन, कोमट पाण्यात खळखळून मिसळलेलं लवंगतेल थेंब-थेंब घालून माशाला गुंगी देतात. तो कलंडला, पण कल्ले हलत आहेत, अशा वेळी ओल्या फडक्यात धरून नखांच्या बारीक कात्रीने चोचीचं टोक काढतात, आणि लगेच हवा सोडलेल्या स्वच्छ पाण्यात शुद्धीवर आणतात. वाचायला सोपं आहे. करताना गुंगी जरा जास्त झाली तर मासा परत उठत नाही. लवंगतेलाची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून थेंबांचा आकडा मी मुद्दाम देत नाही. हे काम दुसऱ्याला करताना पाहिलेलं नसेल तर एकट्याने करू नका.

त्याच्यासोबत दुसरे मासे ठेवता येतील?

माझं पहिलं उत्तर 'नाही' असतं. पफर उत्सुकतेपोटीही चावतो, आणि त्याचा चावा कवच फोडणारा आहे. गप्पीसारख्या लांब पंखांच्या माशांचे पंख तर दोन दिवसांत जातात. फहाका, काँगो पफर (ही एमबूहून वेगळी जात), एमबू हे एकटेच. ठिपकेदार पफरही बहुतेक वेळा एकटाच बरा. फिगर एटसोबत बंबलबी गोबी हे छोटे मासे काहींनी यशस्वीपणे ठेवले आहेत. पी पफरच्या दाट झाडांच्या टाकीत ओटोसिंक्लस (शेवाळ खाणारे छोटे मासे) टिकतात, तेही नेहमी नाही. अ‍ॅमेझॉन पफर मात्र सोबतीने खुलतो, त्याला गटातच ठेवा.

माझे पी पफर एकमेकांच्या मागे लागतात. एकाचं शेपूट फाटलंय.

टाकीत बहुधा नर जास्त आहेत किंवा लपायला जागा कमी आहे. मोठ्या नराच्या पोटाखाली मधोमध गडद रेघ असते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या दिसतात. माद्या गोलसर असतात. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. टाकी झाडांनी, मॉसने, लाकडाने इतकी भरा की एका टोकावरून दुसऱ्या टोकाचा मासा दिसू नये. नजरेआड झाला की पाठलाग थांबतो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे एखादा नर वेगळा काढावा लागेल याची तयारी ठेवा. फाटलेलं शेपूट स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येतं, त्या माशाला तेवढे दिवस बाजूला ठेवा.

तो फुगतो ते पाहायला छान वाटतं. मुद्दाम फुगवलं तर काही होतं का?

कृपया असं करू नका. पफर फुगतो तो जिवाच्या भीतीने. पटापट पाणी गिळून तो पोट ताणतो, म्हणजे आपल्याला कोणी गिळू नये. तेवढ्याने त्याची दमछाक होते. कधी कधी कोणी न घाबरवताही तो थोडा फुगून पूर्ववत होतो, त्याची काळजी नको. वारंवार फुगत असेल तर टाकीत काहीतरी बिनसलं आहे.

खरा धोका पाण्याबाहेर आहे. जाळीत धरून वर काढला आणि तिथे फुगला, तर पोटात हवा शिरते आणि ती नेहमी बाहेर पडत नाही. म्हणून त्याला जाळीने पकडायचंच नाही. भांडं किंवा मग पाण्यात बुडवून, त्याला आत घेऊन, पाण्यासकट हलवायचं. हवा अडकलीच आणि तो पृष्ठभागावर उलटा तरंगू लागला, तर पाण्याखालीच ओल्या हाताने अलगद धरा, डोकं वर आणि शेपूट खाली, आणि हलकेच हलवा. हवा तोंडावाटे बुडबुड्यांनी निघते. पोट दाबू नका.

पोट काळपट झालंय आणि तो दिवसभर काचेवर वर-खाली पोहतो.

दोन्ही ताणाच्या खुणा आहेत. आधी पाणी तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर लगेच अर्धं पाणी बदला. पाणी ठीक असेल तर निमखाऱ्या जातीसाठी खारटपणा पाहा, मग टाकीचा आकार, मग काचेतलं प्रतिबिंब. नव्या टाकीत पहिले काही दिवस असं पोहणं स्वाभाविक आहे. बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावल्याने फरक पडतो.

आणि कंटाळा हेही खरं कारण आहे. हा मासा दिवसभर शिकार शोधत फिरणारा आहे, त्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे हलतात. रिकाम्या टाकीत त्याला बघण्यासारखं काहीच नसतं. महिन्यातून एकदा दगड-लाकडांची मांडणी थोडी बदला. जिवंत गोगलगायी वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडा, शोधू दे त्याला.

भरपूर खातो, तरी पोट आत गेलेलं आहे. का?

आतड्यातले जंत. बाजारात येणारे बरेच पफर निसर्गातून पकडलेले असतात आणि परजीवी घेऊनच येतात. विष्ठा पांढरी, धाग्यासारखी दिसते. गोल जंतांवर लेव्हामिसोल आणि पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल ही औषधं वापरली जातात, मात्रा पशुवैद्याकडून किंवा माशांसाठीच बनवलेल्या औषधाच्या सूचनेप्रमाणे घ्या. त्यासाठीच प्रत्येक नवा पफर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. दुकानातच पोटाकडे पाहा: पाठीमागून पाहिल्यावर डोक्याच्या मागे अंग चिमटल्यासारखं दिसत असेल तर तो मासा आधीपासून उपाशी आहे.

अंगावर पांढरे ठिपके आलेत. कोणतं औषध?

साखरेचे कण सांडल्यासारखे ठिपके म्हणजे बहुधा इक, एका परजीवीमुळे होणारा आजार. गोड्या पाण्याच्या जातींसाठी दोन दिवसांत तापमान हळूहळू ३० अंशांवर न्या, हवा वाढवा (गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो) आणि रोज तळ साइफन करा. लागलंच तर मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध अर्ध्या मात्रेपासून सुरू करा. तांबं असलेली औषधं टाळा, पफरची त्वचा ती सहन करत नाही आणि टाकीतल्या गोगलगायीही मरतात. औषध सुरू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा.

पफर विषारी असतो ना? टाकीत हात घालणं सुरक्षित आहे का?

अनेक जातींच्या यकृतात, अंडाशयात आणि त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते मासा स्वतः बनवत नाही, जिवाणूंपासून सुरू होऊन खाण्याच्या साखळीतून ते त्याच्या शरीरात साठतं. काही गोड्या पाण्याच्या जातींत सॅक्सिटॉक्सिन हे दुसरं विष सापडतं. शिजवून ही विषं जात नाहीत आणि त्यांच्यावर उतारा नाही. म्हणून मेलेला पफर मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशी विल्हेवाट लावा, खाण्याचा तर विचारही नको. टाकी साफ करण्याने विषबाधा होत नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, नंतर हात धुवा. मोठ्या जातींच्या बाबतीत बोटांची काळजी जास्त घ्या, फहाकाचा चावा खोल जातो.

किती वर्षं जगतो? नंतर सांभाळणं जमलं नाही तर?

पी पफर चार-पाच वर्षं, फिगर एट आणि ठिपकेदार पफर नीट सांभाळले तर दहा वर्षं आणि जास्त. जमेनासं झालं तर दुसरा पाळणारा शोधा. नदीत, तळ्यात किंवा खाडीत सोडू नका. तिथल्या पाण्यात तो मरतो, किंवा जगला तर तिथल्या जिवांना त्याचा आणि त्याच्याबरोबर आलेल्या रोगांचा त्रास होतो.

पी पफरची पैदास घरी होते का?

होते, आणि ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर करावी. ही जात फक्त पश्चिम घाटातल्या नद्यांमध्ये सापडते. १९४१ साली होरा आणि नायर यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं, नावातलं त्रावणकोर म्हणजे आताच्या केरळमधलं जुनं संस्थान. आज ती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे, पाळण्यासाठी होणारी पकड हे त्याचं एक कारण. घरी जन्मलेले पफर मिळत असतील तर तेच घ्या. ते जंतांपासून बहुधा मुक्त असतात आणि गोठवलेलं खाणं लवकर घेतात.

एक नर, दोन-तीन माद्या, भरपूर मॉस आणि जिवंत खाणं एवढं पुरतं. नर मादीला मॉसमध्ये नेतो, ती एका वेळी मोजकी अंडी टाकते. मोठे मासे अंडी खातात, म्हणून तो मॉसचा झुपका उचलून स्पंज फिल्टर असलेल्या छोट्या टाकीत ठेवा. साधारण पाच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं सुरुवातीला पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, मग काही दिवस सूक्ष्म जीव आणि त्यानंतर नुकतीच फुटलेली आर्टेमियाची पिल्लं खातात. आर्टेमिया नारिंगी असते आणि पिल्लाचं पोट पारदर्शक. भिंगातून पाहा, पोटात नारिंगी ठिपका दिसला की त्याने पहिली शिकार केली.